कडं मिटायच्या आत

खगोलरावांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य आकाशाबद्दलचं नव्हतं. ते होतं, "पावतीच्या मागे लिहिलंय, वाचा." ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं हे वाक्य म्हणण्यात घालवली. कोटाचं बटण गेलं? पावतीच्या मागे लिहिलंय. अस्तर आटलं? पावतीच्या मागे. डाग गेला, पण त्याच्याबरोबर रंगही गेला? वाचा की, चष्मा देऊ का? बारीक अक्षरांतल्या त्या अटी त्यांना तोंडपाठ होत्या आणि त्यातली एकही गिऱ्हाइकाच्या बाजूची नव्हती. मालक क्वचित दुकानात फिरकायचा, पण आला की म्हणायचा, "असा माणूस शोधून सापडणार नाही. समोरचा आग ओकत येतो आणि जाताना स्वतःच माफी मागून जातो."

खगोलराव हे नाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. त्यात कौतुक किती आणि टवाळी किती हे कळायला दुर्बीण लागत नव्हती. "खगोलराव, आमच्या सासूबाई वर गेल्यात, जरा बघा पोचल्या का." हा विनोद करणाऱ्या प्रत्येकाला आपणच तो पहिल्यांदा केला असं वाटायचं. खगोलराव हसायचे. गच्चीची किल्ली ह्याच लोकांकडे असायची, न हसून सांगतात कोणाला?

काउंटरच्या मागे, खिडकीच्या उजेडात, एका स्टुलावर त्यांचा थोरला भाऊ बसायचा. सगळं दुकान त्याला दादाच म्हणायचं. दादा रफू करायचा. कसर लागलेले कोट, सिगारेटने भोक पडलेल्या पँटी, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली त्याच्याकडे यायच्या. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून तो एकेक धागा ओढून काढायचा, केसाएवढ्या सुईत ओवायचा आणि भोकावर आडवा-उभा विणत जायचा. दादाने रफू केलेली जागा दुसऱ्या दिवशी खुद्द दादालाही सापडायची नाही. वडील लवकर गेले तेव्हा शाळा सोडून ह्या सुईवरच त्याने धाकट्याला वाढवला, शिकवला आणि शेवटी मालकाकडे शब्द टाकून काउंटरवर उभा केला. धाकट्याने त्याची परतफेड काय केली, त्याचीच ही गोष्ट आहे.

दुर्बीणही दादानेच आणलेली. एका बोटीवरच्या कप्तानाच्या विधवेने नवऱ्याचा कसरीने चाळण झालेला ओव्हरकोट आणून टाकला होता. दुसऱ्या कोणीही तो पायपुसणं म्हणून वापरला असता. दादाने तो उभा केला. पोचवायला गेला तेव्हा त्या बाईंच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली दुर्बीण त्याला दिसली. बाई म्हणाल्या, मजुरी सांगा. दादा म्हणाला, "माझ्या भावाला ग्रह-ताऱ्यांचं वेड आहे." एवढंच. संध्याकाळी तो लांबलचक पांढरी नळी खांद्यावर टाकून घरी आला, तेव्हा बाळंतपण उरकून आलेल्या बाईसारखा थकलेला आणि खूश होता.

त्याच सुमाराला खगोलरावांनी दादाच्या स्टुलासमोरच्या भिंतीवर एका कॅलेंडरचं पान चिकटवलं. शनीचं चित्र. पिवळट गोळा, त्याभोवती ताटाच्या काठासारखं रुंद कडं, कड्यात मधोमध एक काळी फट. दादा सुई थांबवून त्याच्याकडे बघत बसायचा.

"हे खरंच असं असतं, का छापणारे रंग भरतात?"

"असंच असतं दादा."

"गोळ्याला कुठेच चिकटलेलं नाही?"

"कुठेच नाही."

"टाका नाही, गाठ नाही, आणि गळून पडत नाही." दादा मान हलवायचा. "हे एकदा डोळ्यांनी बघायला पाहिजे बाबा. दाखवशील?"

दादाने आयुष्यात धाकट्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट. आणि ती दाखवणं किती सोपं होतं, हेच तर सगळं दुखणं आहे.

दुर्बिणीची पुढची मोठी काच उत्तम होती. घोडं अडलं मागच्या बाजूला. मागे, जिथे डोळा लावायचा, तिथे एक छोटी काच बसवायची असते. तिला आयपीस म्हणतात. ती बदलता येते आणि ती जशी, तसा ग्रह दिसतो. दुर्बिणीबरोबर आलेल्या कप्तानाच्या पेटीत अशा तीन आयपीस होत्या आणि तिन्ही खेळण्यातल्या वाटाव्यात अशा. तरीही पहिल्या स्वच्छ संध्याकाळी दोघं भाऊ गच्चीवर गेले. दादाने चंद्र बघितला, "अरे, ह्याला तर देवीचे व्रण आहेत!" म्हणाला. मग खगोलरावांनी नळी शनीवर नेली. दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा, कडेला निळी-तांबडी झालर, उकळत्या पाण्यात पडल्यासारखा हलणारा, पण शनीच. कडं स्पष्ट होतं. गोळा आणि कड्याच्या मधली काळी जागाही होती.

"बघू?" मागून दादा म्हणाला.

खगोलरावांनी डोळा काढला नाही. त्यांच्या कानात दातांच्या डॉक्टरांचा आवाज घुमत होता. हे डॉक्टर आकाश बघणाऱ्यांच्या मंडळातले सगळ्यात वजनदार सभासद, आणि दुकानाचं गिऱ्हाईकही. त्यांच्याकडे दुर्बिणी किती होत्या हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं म्हणे. ते मंडळाच्या बैठकीत नेहमी सांगायचे, "शनी पहिल्यांदा दाखवायचा तर कधी वाईट आयपीसमधून दाखवू नका. माणसाची निराशा होते आणि तो जन्मात परत दुर्बिणीला डोळा लावत नाही. पहिली भेट एकदाच होते." टाळ्या पडायच्या. ह्या छंदाचा हा एक रोगच आहे. बघण्यापेक्षा बघायच्या सामानावर जीव जास्त. चार आकाशवेडे एकत्र आले की वर कमी बघतात आणि एकमेकांच्या पेट्यांत जास्त.

"आत्ता नको दादा," खगोलराव म्हणाले. "काच बरोबर नाही. चांगली आयपीस मागवतो, मग बघ. चित्रातल्यासारखं दिसेल."

"बरं," दादा म्हणाला. "त्यातलं तुला कळतं."

त्या संध्याकाळी कडं पूर्ण उघडलेलं होतं. हे इथे सांगून ठेवायला हवं, कारण शनीचं कडं कायम तसं दिसत नाही. शनी सूर्याभोवती फिरतो तसं ते आपल्याला कधी वरून दिसतं, ताटासारखं, आणि मग वर्षागणिक चपटं होत होत एकदा अगदी कडेवरून दिसतं. तेव्हा कडं म्हणून काही उरतच नाही, नुसती एक रेघ. पूर्ण उघड्यापासून पूर्ण मिटेपर्यंत साधारण साडेसात वर्षं जातात. खगोलरावांनी हे घरी समजावून सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे साडेसातीच की हो." खगोलराव चिडले. पण शब्द तिचाच खरा ठरला.

पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादाला काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने मिटत जाईल, गेली तेवढी परत येणार नाही, थेंब घालत राहा म्हणजे वेग कमी राहील. दादाने हे दुकानात असं सांगितलं, जणू गल्लीतला नळ दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे. खगोलरावांनी मनात हिशेब केला. कडं मिटायला साडेसात वर्षं. नजर मिटायला किती, ते कोणी सांगत नव्हतं. म्हणजे घाई करायला हवी होती. आणि घाई त्यांनी केलीही, फक्त नको त्या गोष्टीची.

पहिली आयपीस आली ती दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून. डबा उघडला, मखमलीतून काच काढली, दुर्बिणीला लावायला गेले, तर भोक लहान आणि काच जाड. जुन्या दुर्बिणींचं माप बारीक असायचं, आताचं सगळं जाड असतं. फोन लावला.

"साहेब, तुमची दुर्बीण जुनी आहे," विक्रेता म्हणाला. "त्याला आम्ही काय करणार?"

"तुम्ही जाहिरातीत लिहिलंय, सर्व दुर्बिणींना चालेल."

"सर्व चालू दुर्बिणींना. अटींमध्ये आहे बघा. तुम्ही अटी वाचल्या नाहीत का?"

खगोलरावांनी रिसीव्हर खाली ठेवला. आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं माणसाला सोसत नाही.

ह्यावर उपाय म्हणून अडॅप्टर नावाचं एक कडं मागवलं. त्याने जाड काच बारीक भोकात बसते. बसली. पण आता ती इतकी बाहेर राहिली की नळी पूर्ण आत ढकलली तरी चित्र स्पष्ट होईना. चंद्र म्हणजे पाण्यात पडलेलं पीठ. विक्रेता म्हणाला, "नळी थोडी कापून घ्या ना." दादाने खांद्यावरून आणलेली नळी कापायची! खगोलरावांनी फोन आपटला. तो हंगाम गेला. शनी संध्याकाळच्या आकाशात वर्षातले काही महिनेच असतो, मग सूर्याच्या उजेडात बुडतो. बुडाला.

त्यानंतर मंडळात प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. सल्ल्याला कुठे पावती लागते! एक म्हणाला बाहेरच्या देशातून मागवा. मागवली. ती कस्टममध्ये अडकली. खगोलराव रजा टाकून गेले. तिथे एका अधिकाऱ्याने डबा प्रकाशात धरून विचारलं, "हे कशासाठी?"

"शनी बघायला."

"का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर भावापासून सुरुवात करावी लागली असती. खगोलराव म्हणाले, "छंद आहे." अधिकाऱ्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि डबा मागच्या कपाटात गेला. तो बाहेर आला तेव्हा शनी पुन्हा बुडालेला होता, आणि आत निघाली ती चंद्राचा उजेड कमी करायची हिरवी काच. आयपीस नव्हतीच. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, डबा उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ कोणी काढला होता? मग तक्रार घेता येणार नाही, क्षमस्व, आणि आमच्या सेवेला पाचपैकी तारे द्यायला विसरू नका.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे तर नकटी दाराबाहेरच उभी आणि विघ्नं आत पंगतीला बसलेली. एकदा सगळं जुळलं असं वाटलं, तर ढगच ढग. नवी काच घरात आली की आभाळ भरून येतं हा ह्या लोकांचा जुना अनुभव आहे, त्यावर ते एकमेकांना टाळ्या देऊन हसतात. खगोलरावांना हसू येईनासं झालं होतं. दुकानात त्यांची जीभ जास्तच धारदार झाली. माणसाला कोणी लाथाडलं की तो शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांनी काउंटरवर काम केलेलं नसतं. लाथ खाल्लेला माणूस दुसऱ्याला लाथ मारायला शोधतो. मुलीचा पोशाख बिघडला म्हणून रडकुंडीला आलेल्या एका आईला त्यांनी पावती उलटी करून बोटाने ओळ न् ओळ वाचून दाखवली.

पुढे एकदा एका दुकानदाराने चुकून एकाऐवजी दोन आयपीस पाठवल्या, दोन्ही जाड मापाच्या. घरी दादा आणि वहिनी आलेले होते. खगोलरावांची बायको हसत म्हणून गेली, "वा! आंधळा मागतो एक डोळा..." आणि तिथेच तिने जीभ चावली.  दादाच म्हणाला, "देव देतो दोन. मग पुरं कर की म्हण. दोन्ही जाड निघाल्या त्याला देव काय करणार?" सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत.

दादा दर वर्षी विचारायचा, "आली का रे ती काच?" कधी आठवण म्हणून नाही, तगादा म्हणून तर मुळीच नाही. ग्रह वर आला हे त्याला कसं कळायचं देव जाणे. "ह्या वर्षी नक्की," खगोलराव म्हणायचे. त्या पेटीतल्या जुन्या तीन आयपीस त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. त्यांतली कुठलीही काढून, गच्चीवर नेऊन, कुठल्याही संध्याकाळी दादाला तांदळाएवढं कडं दाखवता आलं असतं. एक-दोनदा त्यांच्या मनात आलंही. पण इतकी वर्षं थांबवून शेवटी तेच हलणारं दाखवायचं? मग थांबवलं कशाला होतं? चुकीच्या गाडीत जितका वेळ बसावं तितकं उतरणं जड जातं.

मग एक दिवस एक करडा कोट परत आला. गिऱ्हाईक कोटाची बाही काउंटरवर आपटून ओरडत होतं, "ह्याला रफू म्हणतात? ह्यापेक्षा भोक बरं होतं!" खगोलरावांनी बाही उजेडात धरली. टाके जाड होते, वेडेवाकडे, आणि धागा करड्याऐवजी निळा. दादाचे. मागे स्टुलावर दादा सगळं ऐकत होता. सुई धरलेला हात मांडीवर तसाच होता.

खगोलरावांच्या तोंडून निघालं, "पावतीच्या मागे लिहिलंय."

मालकाने त्या महिन्यापासून रफूचं काम बंद केलं. दादा म्हणाला, "बरं झालं. मान फार भरून यायची." तरी तो रोज यायचा. वहिनी आणून सोडायच्या, खिडकीपाशी बसवायच्या, संध्याकाळी घेऊन जायच्या. तेव्हाच खगोलरावांना समजलं की गेली दोन वर्षं त्या रोज सकाळी कामाला लागायच्या आधी सुयांची एक पलटण रंगीत धाग्यांनी ओवून डबीत लावून देत होत्या; शिवणीतून धागा काढून ओवणं दादाला जमेनासं झालं होतं. भावाशेजारी, हाकेच्या अंतरावर उभं राहून त्यांना ते दिसलं नव्हतं. ग्रहाचं कडं किती अंशांनी कललं हे मात्र त्यांना दर महिन्याला ठाऊक असायचं.

"किती दिसतं रे दादा आता?" त्यांनी विचारलं.

"दिसतं की," दादा म्हणाला. "समोरचं दिसतं. कडेचं जरा कमी."

सातवं वर्ष सरलं होतं. कडं मिटत आलं होतं. आणि अशात दातांचे डॉक्टर कोट टाकायला दुकानात आले, बोलता बोलता दुर्बिणीच्या मापाचा विषय निघाला आणि ते कपाळावर हात मारून म्हणाले, "बारीक माप? अहो, मग आधी नाही का सांगायचं! माझ्याकडे त्या मापाची एक फर्स्टक्लास आयपीस ड्रॉवरमध्ये पडून आहे. कित्येक वर्षं. माझ्या काय कामाची ती? घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खरोखर आणून दिली. खिशातून काढली, चॉकलेट द्यावं तशी. खगोलरावांनी आभार मानले. आभार मानताना त्यांचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. सात वर्षं हा माणूस दर बैठकीत शेजारी बसला होता. त्याने विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. आपली दुर्बीण जुन्या मापाची आहे हे चारचौघांत बोलायची खगोलरावांना लाज वाटत होती, हे खरं कारण. डॉक्टरांच्या नळीसमोर आपली नळी काढायची कशी?

त्याच संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. एकही ढग नाही; बहुतेक काच वापरलेली होती म्हणून आभाळाला कळलं नसावं. दादा कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत गच्चीवर आला. खगोलरावांनी शनी लावला आणि आधी स्वतः बघितलं. चित्र दगडासारखं स्थिर. गोळा स्वच्छ, झालर नाही, हलणं नाही. इतका सुंदर शनी त्यांच्या दुर्बिणीतून कधी दिसला नव्हता. फक्त कडं नव्हतं. मण्यातून सुई आरपार गेल्यासारखी एक बारीक रेघ, डोळ्याला ताण दिला तर दिसेल अशी. त्यांनी हे दादाला आधी सांगितलं नव्हतं. रेघ बघून तो हिरमुसेल, मग समजावू, असं ठरवलं होतं. पुढच्या काही वर्षांत कडं पुन्हा उघडतं, असं सांगू.

"ये दादा. हात नको लावूस. डोळा इथे."

त्यांनी दादाच्या खांद्याला धरून त्याला वाकवलं. दादाने डोळा लावला.

"दिसतोय का?"

"दिसतोय की रे!" दादा म्हणाला. "अरे बापरे. केवढं कडं! अगदी त्या चित्रातल्यासारखं. असं रुंद, ताटाच्या काठासारखं... आणि मधली ती काळी फट. खरंच कुठे चिकटलेलं नाही रे."

खगोलराव गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. दादा वाकलेलाच होता. ग्रह आयपीसमध्ये फार वेळ टिकत नाही; पृथ्वी फिरते आणि तो सरकत सरकत बाहेर जातो, मग नळी पुन्हा त्याच्यावर आणावी लागते. खगोलरावांनी नळीला हात लावला नाही. शनी केव्हाच निघून गेला असेल. दादा काळ्या आभाळाकडे बघून सांगत होता, कडं कसं चकाकतंय, गोळ्याची सावली कशी पडलीय.

"थांबलो ते बरं झालं हं," शेवटी ताठ होत दादा म्हणाला. "तू म्हणालास तेच खरं. काच चांगली पाहिजे. तेव्हा घाईघाईत बघितलं असतं तर मजा गेली असती."

"हो दादा," खगोलराव म्हणाले.

खाली आल्यावर बायकोने दादाला पाणी दिलं आणि वहिनींनी खगोलरावांना दाराआड ओढलं.

"भावजी, दिसलं का हो त्यांना?"

"दिसलं म्हणाला."

"काय म्हणाले?"

"मोठं कडं आहे म्हणाला. फट आहे म्हणाला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "सकाळपासून मला त्या चित्राबद्दल विचारत होते. कडं किती रुंद, फट कुठे, सावली कुठल्या बाजूला. चार वेळा सांगून घेतलं. म्हणाले, पोराने सात वर्षं खस्ता खाल्ल्यात, त्याला वाईट वाटता कामा नये." त्या थांबल्या. "भावजी, मागच्या हिवाळ्यापासून त्यांना माझा चेहराही दिसत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

तेव्हा खगोलरावांना कळलं की आपल्या भावाने शेवटचं रफू कशावर केलं. टाका कुठे दिसत नव्हता. दिसला तो फक्त त्यांना, कारण ह्या वर्षी कडं मिटलेलं आहे हे गच्चीवर त्यांनाच माहीत होतं.

दुर्बीण त्यांनी त्या रात्री खाली आणून फडक्यात गुंडाळली. विकली नाही, फोडली नाही. तेवढाही मोठेपणा त्यांच्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी वेळेवर काउंटरवर उभे राहिले.

पण दादा काही गप्प बसेना. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तो स्टुलावरून सांगायचा, "आमच्या धाकट्याने मला शनी दाखवला. काय सांगू तुम्हाला! एवढं कडं!" आणि दोन्ही हातांची बोटं लांब करून दाखवायचा. गिऱ्हाईक खगोलरावांकडे बघून विचारायचं, "खरंच एवढं दिसतं?" आणि खगोलराव कपड्यांना चिठ्ठ्या लावत म्हणायचे, "हो, एवढंच दिसतं." दिवसातून कितीदा तरी. पावतीवाल्या वाक्याला आता हे जोडीला आलं. दादाचा चेहरा त्या वेळी इतका खुललेला असायचा की कधी कधी खगोलरावांना वाटायचं, त्याला आता ते खरंच दिसतंय. आणि ते वाटणं दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त टोचायचं.

मग डॉक्टर कोट न्यायला आले. पावती पुढे करून उभे होते, तेवढ्यात आवाज ओळखून दादा मागून म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या काचेने कमाल केली हो! कडं असं दिसलं, असं रुंद!"

डॉक्टरांनी आधी दादाकडे पाहिलं, मग त्याच्या पसरलेल्या हातांकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ह्या शहरात जे मोजके लोक ही चूक पकडू शकत होते, त्यांतले ते पहिले.

"पण दादा," ते म्हणाले, "ह्या वर्षी तर कडं..."

खगोलरावांनी कोटाचा हँगर काउंटरवर आपटला. डॉक्टर दचकले.

"कोट बघून घ्या डॉक्टर," खगोलराव म्हणाले. चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट होता, फक्त डोळे डॉक्टरांवरून हलत नव्हते. "तक्रार असेल तर आत्ता माझ्या कानात सांगा. दुकानात मोठ्याने ऐकून घेतली जात नाही."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा दादाकडे, जो खिडकीकडे तोंड करून, डॉक्टर उभे होते त्याच्या भलत्याच बाजूला बघून हसत होता. डॉक्टरांनी कोट हातावर घेतला.

"नाही," ते म्हणाले. "तक्रार काही नाही."

ते दार ढकलून बाहेर पडत होते, तेव्हा मागून दादाने हाक मारली, "आणि मधली ती काळी फट, डॉक्टर! ती सांगायची राहिलीच."